खालच्या आळीचे एकतीस फॉर्म

कमळ मोकलने ते फॉर्म घरी बसून भरले, असं मला वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे तिच्याबद्दल मी जे लिहिणार आहे, ते वाचताना माझी ही चूक वाचणाऱ्याच्या लक्षात राहिलेली बरी.

मी अलिबागच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाबरोबर आमचं काम सुरू झालं. वादळ, पूर, घर सुटणं असं काही वाट्याला आल्यावर माणूस मनाने किती तग धरतो, हे मोजणारी त्यांची एक प्रश्नावली होती. मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोर अशा देशांतून तिकडे आलेल्या बायकांमध्ये वर्षानुवर्षं बसून त्यांनी ती तयार केली होती. स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या, लोकांची घरं पुसणाऱ्या बायका. त्याआधीच्या मापांत 'मी स्वतःच्या बळावर उभी आहे' असली वाक्यं असत. त्यांना या बायका कमी गुण देत आणि कागदावर दुबळ्या ठरत, कारण एकटीच्या बळाचा विचारच त्यांनी कधी केला नव्हता. आई, मावशी, चर्च, शेजारीण यांच्या आधारावर त्या उभ्या होत्या. मग त्या लोकांनी प्रश्न बदलले. आता ते बदललेले प्रश्न दुसऱ्या देशांतल्या किनाऱ्यांवर लागू पडतात का, हे बघायचं होतं. रायगडचा किनारा माझ्याकडे आला. पंचवीस वाक्यं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. एक म्हणजे 'कधीच नाही', पाच म्हणजे 'नेहमी'. मराठी मी केलं, माझ्या टेबलाशी बसून.

घरोघर जायला गावातलीच माणसं हवी होती. रेवसकडच्या खाडीकाठी मोठीखार म्हणून गाव आहे, तिथून कमळचं नाव आलं. वय अडतीस. बारावी झालेली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या गावात आली. नवरा गुणाजी रेवसच्या धक्क्यावर तिकिटं फाडतो, मुलगी रुचिता अलिबागला अकरावीत. जनगणना, पोलिओचे डोस, मतदार यादी, कमळने सगळं केलेलं. गावातल्या कुठल्या घरात किती माणसं आणि कोणाला कमी ऐकू येतं, ते तिला तोंडपाठ होतं. बुटकी, काळीसावळी, चालताना एक खांदा जरा खाली. पिशवी नेहमी त्याच खांद्याला.

पहिल्याच दिवशी तिने माझं मराठी दुरुस्त केलं.

"मॅडम, 'संकटातून मी पुन्हा उभी राहते' हे न्हाय चालनार. बाया बोलतात, आमी पडलोच कवा?"

"मग काय लिहू?"

"'झालं ते झालं म्हनून कामाला लागते' असं लिवा."

दुसरं एक वाक्य होतं, 'कोणाच्या मदतीवाचून मी मार्ग काढू शकते'. ते ऐकून एक बाई रडायलाच लागली होती. म्हणाली, माझी सगळी मानसं मेलीत का, म्हणून असं विचारतेस? ते वाक्य आम्ही काढलं.

सराव म्हणून मी कमळला स्वतःचा फॉर्म भरायला सांगितला. चक्रीवादळात तिच्या घरावरचे पत्रे उडाले होते. सासू आणि ती, दोघींनी तीन तास दाराला पाठ लावून दार धरून ठेवलं होतं, खांद्याला मार तेव्हाचाच. तिने पंचवीसच्या पंचवीस वाक्यांना तीन गुण दिले.

"सगळीकडे तीन?"

"संपलंय कुठं मॅडम अजून? संपल्यावर सांगंन."

जुलैच्या सुरुवातीला मोठीखारचे फॉर्म आले. गावाच्या दोन आळ्या आहेत. वरची रस्त्याला लागून, उंचावर. कमळचं घर तिथलं. खालची आळी खाजणात, खाडीच्या बांधाच्या आत. हा बाहेरचा बांध मातीचा. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून आगरी लोकांनी तो पिढ्यान् पिढ्या राखलेला. त्याला बाहेरकाठा म्हणतात. त्यात पाणी सोडायला एक दार असतं, ती उघाडी. वरच्या आळीचे फॉर्म जसे असायला हवेत तसेच होते. कुठे दोन, कुठे चार, खाडाखोड, चहाचे डाग. खालच्या आळीचे एकतीस फॉर्म होते आणि एकतीसही फॉर्मांत सगळीकडे पाच.

मी तिला फोन केला. आवाज शांत ठेवला, पण विचारायचं ते विचारलंच.

ती म्हणाली, "मी न्हाय भरले. तुमी या. माझ्या संगती फिरा."

मी गेले. पाऊस उघडला होता. पहिल्या घरात सोनाबाई थळे, सत्तरीच्या आसपासची, आळीत तिचा शब्द चालतो. तिने पाट दिला, चहा दिला. मी वाक्य वाचायला सुरुवात केली, "मनात भीती आली तरी मी..."

"नेहमी," सोनाबाई म्हणाली.

"वाक्य पूर्ण होऊ द्या, आजी."

"व्हऊ दे. नेहमीच."

दुसऱ्या घरात तसंच. तिसऱ्यात तसंच. तोच शब्द, तसाच हसरा चेहरा, आणि डोळे माझ्या पेनाकडे. चौथ्या घरात कमळने मला मध्येच उठवलं. बाहेर पडल्यावर तिने माझा दंड धरला.

"मॅडम, देव न्हाईत."

"म्हणजे?"

"देव्हाऱ्यात देव न्हाईत. दिव्याची काजळी हाय, कुंकवाची बोटं हायत. देवांचे टाक न्हाईत. सोनाबाईकडंपन नव्हते. मला वाटलं उजळायला काढले."

मग आम्ही पाहतच गेलो. मी वाक्यं वाचायची आणि कमळ माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघायची. अकरा घरं फिरलो. अकराही देव्हारे रिकामे होते. घरात माणसं होती, चुलीवर भात होता, दोरीवर कपडे होते. फक्त देव कोणाकडे नव्हते.

परत येताना कमळ गावातल्या गणपतीच्या कारखान्यात शिरली. आमच्याकडे मूर्ती सांगायची म्हणजे घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, त्याच्यावर मूर्ती बसवून मिळते. आषाढ लागला की पाट जायला लागतात. कारखानदार विनेश रंग कालवत होता.

"खालच्या आळीचे पाट आले?" तिने विचारलं.

"एक न्हाय," तो वर न बघता म्हणाला. "मी विचारलं तर बोलतात, देऊ."

बाहेर ऊन पडलं होतं, पोरं शाळेतून घरी चालली होती, आणि एकतीस घरांनी यंदाचा गणपती सांगितलाच नव्हता.

कमळ दुसऱ्या दिवशी एकटी सोनाबाईकडे गेली. तिथे काय झालं ते तिने मला नंतर शब्द न् शब्द सांगितलं.

"आजी, देव कुठं हायत?"

"उरनला. लेकीकडं."

"सगळ्यांचेच?"

सोनाबाईने दार ओढून घेतलं. म्हणाली, "बुधाजीला विचार. त्याच्या संगती बांधावर जा. मंग ये."

बुधाजी उघाडी सांभाळायचा. बायको वारलेली, मुलगा मुंबईला. त्याने कमळला बाहेरकाठ्यावर नेलं. वरून बांध धडधाकट दिसत होता, गवत वाढलेलं. त्याने हातातली काठी बांधाच्या कुशीत खुपसली, ती हातासकट कोपरापर्यंत आत गेली. बांधाच्या पुढची तिवरं मेली होती, लाटा सरळ येऊन मातीवर बसत होत्या. आतल्या बाजूला, शेतात, दोन ठिकाणी पाणी बुडबुडत होतं. बुधाजीने ते बोटाने चाखून दाखवलं.

"खारं," तो म्हणाला. "खालून येतंय. मी रोज चिखल भरतोय. यंदा धरंल का न्हाय, सांगता येत न्हाय."

"मंग सांगत का न्हाय कोनाला?"

"सांगितलं. अर्ज केला. तिकडून जबाब आला, धोका असंल तर आळी खाली करा. एकदा खाली केली का परत कोन बसू देतंय? दोनदा मानसं येऊन जागा मोजून गेलीत. कशाला, ते सांगत न्हाईत."

म्हणून आळीने ठरवलं होतं. सरकारी माणूस येवो, कॉलेजचा येवो, भीती वाटते असं कोणी बोलायचं नाही. सोनाबाई घरोघर सांगून आली होती, पाच म्हणायचं. देव मात्र आधी हलवले, कारण देव बुडालेले कोणालाच चालणार नव्हते.

"तुझ्या कागदावर भ्यालो असं लिवलं," सोनाबाई कमळला म्हणाली, "का दुसऱ्या दिवशी नोटीस. तू आमचीच हायस, म्हनून सांगते. भायेर बोलू नको."

कमळने तिला शब्द दिला. तरी ती मला सांगायला आली, कारण तोवर मी काय करून बसले होते ते तिला कळलं होतं. जिल्ह्यातल्या एका बैठकीसाठी मी आमचे आकडे, फॉर्म नीट बघायच्या आधीच, पाठवून दिले होते. पावसाळ्यात कुठल्या गावांना आधी मदत लागेल, बचावाचं सामान कुठे ठेवायचं, ते तिथे ठरणार होतं. माझ्या तक्त्यात मोठीखारची खालची आळी सगळ्यात वर होती. हिरव्या रंगात. सगळ्यात खंबीर वस्ती. अर्थातच सामान दुसरीकडे गेलं.

"ते आकडे खोटे हायत, असं लिवून द्या," कमळ म्हणाली.

"दिलं तर कारण विचारतील. कारण सांगितलं तर तुझ्या शब्दाचं काय?"

आम्ही दोघी माझ्या ओट्यावर बसलो होतो. तिने चहा घेतला नाही. शेवटी मी नुसतं एवढंच कळवलं की या आळीचे आकडे भरवशाचे नाहीत, धरू नयेत. उत्तर आलं, नोंद घेतली. तक्ता आहे तसाच राहिला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कमळ परत आली. एका साध्या कागदावर तिने सात नावं लिहून आणली होती.

"हे कोण?"

"खालच्या आळीत ज्यांना आपल्या पायानं पळता येत न्हाय, ते. भीती वाटते का, हे मी कोनाला विचारलंच न्हाय. चालता येतं का, एवढंच बघितलं."

मग तिने तिची योजना सांगितली. अमावास्या आणि पौर्णिमेला, आणि त्यानंतर दोन दिवस, खाडीला मोठं उधाण येतं. दुपारी बाराच्या पुढे पाणी सगळ्यात वर असतं. त्या दिवशी सकाळी दहापासून दोनपर्यंत वरच्या आळीतल्या शाळेत बीपी तपासायचं शिबिर ठेवायचं. म्हाताऱ्यांना रिक्षाने आणायचं. बरोबर घरचं एक माणूस. तपासणी झाली की चहा, मग गप्पा, मग जेवण. दोन वाजेपर्यंत कोणाला सोडायचं नाही.

"बीपी बघाया आलो म्हनून कोन नोटीस काढत न्हाय," ती म्हणाली.

मी मशीन घेऊन गेले. पहिल्या पौर्णिमेला नऊ माणसं आली. मला बीपी नीट घेता येत नव्हतं, कमळने शिकवलं. सोनाबाई हात पुढे करून बसली, माझ्याकडे बघून हसली, आणि मला कळलं की तिला सगळं कळलंय. दुसऱ्या दिवशी पस्तीस आली. तिसऱ्या दिवशी आळीतल्या झाडून सगळ्या बायका. कोणी बांधाचं नाव काढलं नाही. बारा वाजले की बोलणं आपोआप मंदावायचं. सगळे खिडकीकडे पाठ करून बसायचे. एक वाजून गेला की कोणीतरी हसायचं, मग भांड्यांचा आवाज सुरू व्हायचा.

बुधाजी कधी आला नाही.

श्रावणातली अमावास्या आली. गणपतीला चारपाच दिवस होते. पावसाचा टिपूस नाही, वारा नाही, ऊन असं की डोळे उघडत नव्हते. मी सकाळी मोठीखारला पोचले तेव्हा कमळ शाळेत नव्हती. ती बांधावर गेली होती. मी मागून गेले. बुधाजी उघाडीच्या फळ्या चिखलाने लिंपत होता. कोपरापर्यंत हात राड झालेले.

"काका, आज तरी बीपी बघाया चला," ती म्हणत होती.

"आज न्हाय."

"आजच चला. माझ्यासाठी चला."

"आनि उघाडी कोन बघंल? पानी आत चढलं तर सोडाया कोन पायजे ना? तू जा. त्या म्हाताऱ्यांना घेऊन जा." मग मला पाहून तो म्हणाला, "मॅडम, माझा फॉर्म बरोबर लिवलाय ना? सगळं पाच?"

"हो, काका."

"मंग झालं."

कमळने त्याचा हात धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला, चिखल तिच्या हातालाही लागला. ती तशीच वर आली. शाळेत येऊन हात धुतले आणि रिक्षावाल्या प्रीतमला म्हणाली, खालच्या आळीत आणखी एक फेरी मार, जो दिसंल त्याला घाल.

साडेबाराला मी सोनाबाईच्या दंडाला पट्टा बांधत होते. शाळेच्या आवाराला एक गटार आहे, पावसाचं पाणी उतारावरून खाली शेताकडे जातं. कमळ दारात उभी होती. ती नुसतं एवढंच म्हणाली, "पानी उलटं येतंय."

आम्ही बाहेर आलो. गटारातलं पाणी वर चढत होतं. आवाज नव्हता. त्यावर भाताचा पेंढा तरंगत होता, एक प्लास्टिकची बादली, कोणाची तरी चप्पल. खाली बघितलं तर शेतं नव्हती. खाडीच आळीपर्यंत आली होती, ऊन पडल्यामुळे चकाकत होती, आणि घरांच्या भिंती एकेक करून पाण्यात बसत होत्या, माणूस दमून बसतो तशा. बाहेरकाठ्याला उघाडीच्या शेजारीच खांड पडली होती, बांध फुटला होता.

सोनाबाईच्या दंडाला पट्टा तसाच होता, नळी लोंबत होती. ती मोजायला लागली. मोठ्याने, नावं घेऊन. एकतीस घरांतली माणसं, कामावर गेलेलीही धरून. कमळ तिच्याबरोबर मोजत होती. दोघी एकदमच थांबल्या.

"बुधाजी," सोनाबाई म्हणाली.

तो तिसऱ्या दिवशी रेवसच्या अलीकडे तिवरांत सापडला. त्याच्या मुलाने मला विचारलं की बाबांनी काही लिहून ठेवलं होतं का. माझ्याकडे त्यांचा फॉर्म होता. मी तो दाखवला नाही.

बाकी एकही माणूस गेलं नाही. बावीस घरं पडली. शेतं खारी झाली, तिथे चारपाच वर्षं भात होणार नाही. चार दिवसांत नोटीस आली, आळी राहण्यालायक नाही, खाली करावी. आळीला जी भीती होती तेच झालं. आणि आळीतल्या काही लोकांना वाटलं की कमळनेच आतली गोष्ट फोडली. गावात तिच्याशी बोलणं कमी झालं. गौरीला तिच्याकडे सूप घेऊन कोणी ओवसायला आलं नाही. गुणाजीला धक्क्यावर लोक विचारायचे, तुझ्या बायकोला काय मिळालं? तो घरी येऊन भांडायचा. मी तिच्या घरी गेले की तिची सासू मला पाणी द्यायची आणि आत निघून जायची.

सोनाबाई उरणला लेकीकडे गेली. जायच्या दिवशी तिने कमळला दारातून हाक मारली. कमळला वाटलं शिव्या देईल. सोनाबाई म्हणाली, "तू न्हाय सांगितलंस, मला ठाव हाय. पन मी आता कोनाकोनाला सांगू? तूच सोस."

मी अमेरिकेला कळवलं की एकतीस फॉर्म बाद करावे लागतील. कारण लिहिलं, सविस्तर, गावाचं नाव वगळून. तिकडच्या बाईंचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्यांनी लिहिलं होतं, आमच्याकडेही असे फॉर्म येत. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाच. ज्या बायकांकडे देशात राहण्याचे कागद नव्हते, त्या दारात येणाऱ्या कोणालाही सगळं ठीक आहे असंच सांगत. खचलेली बाई दिसली की पोरं काढून नेतील, परत पाठवतील, ही भीती. आम्ही कितीतरी वर्षं ते फॉर्म निष्काळजीपणाने भरलेले समजून फेकून दिले. आज त्या बायका कुठे आहेत, आम्हाला माहीत नाही.

ते पत्र मी मराठी करून कमळला वाचून दाखवलं. तिने दोनदा ऐकलं.

"त्यांच्याकडं पन कोनी आळी फिरून बघितली न्हाय?" तिने विचारलं.

"नसावी."

"हं," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

या वर्षी कामाची दुसरी फेरी होती. कमळने ती घेतली नाही. तिने रुचिताला अलिबागला हॉस्टेलात ठेवलंय, शनिवार-रविवारीही गावी येऊ देत नाही. सासू रागावते. सकाळी स्वयंपाकाच्या आधी ती आतल्या बांधावर जाऊन येते. बाहेरकाठा गेल्यावर खाडी आणि वरची आळी यांच्यामध्ये तेवढाच उरलाय, पूर्वी कोणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. कधी कधी तिच्या मागून आळीतल्या एकदोन बायका चालत येतात. बोलत नाहीत, पण येतात.

गेल्या गुरुवारी तिचा फोन आला. वरच्या आळीतल्या दोन विहिरींचं पाणी मचूळ लागायला लागलंय. शाळेतली तर डाळ शिजेना, म्हणून कळलं.

"मॅडम, पुढच्या अमावास्येला शिबिर हायवेवरच्या हॉलात ठेवूया. शाळा आता खालच्या आळीतच जमा. मी बोलून ठेवलंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "आनि मशीन दोन आना. यंदा मानसं जास्त हायत."